खाजगीपणाचा हक्क : कायदे बाईला कुणापासून राखतात?

(गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांतील महिला गटांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला आजचा विषय दिला आहे तो असा : फोन, इंटरनेट, पत्रव्यवहार यांमधल्या खाजगीपणाचं रक्षण करण्यासाठी जे कायदे झाले, ते कितपत कामाचे आहेत? विषय ऐकून काहीजणींना वाटेल, हा मुंबई-पुण्याच्या शिकलेल्या बायकांचा प्रश्न. आमच्याकडे फोनला रेंज मिळवायला टेकडीवर जावं लागतं, आम्हाला कसलं आलंय खाजगीपण! माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. ज्या बाईकडे स्वतःची खोली नाही, स्वतःचा फोन नाही, स्वतःचं सिमकार्ड नाही, तिच्यापासून सुरुवात करून हे कायदे मोजले, तरच त्यांचं खरं वजन कळतं. आणि या मोजणीत आपल्या भागाचा हक्क जुना आहे.

बलात्कार झालेल्या स्त्रीचं नाव जाहीर करू नये, हा कायदा या देशात आला कुठून? तो वडशाहून आला. २६ मार्च १९७२ ची रात्र. तेव्हा गडचिरोली जिल्हा झाला नव्हता, तो २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद झाली. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडून दिलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, ती ओरडली नाही, तिला शरीरसंबंधांची सवय होती, असली ती कारणं होती. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या बदलात भारतीय दंड विधानात २२८-अ हे कलम आलं : पीडित स्त्रीची ओळख पटेल असं काहीही छापलं वा प्रसिद्ध केलं तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा. १ जुलै २०२४ पासून तेच कलम भारतीय न्याय संहितेत ७२ क्रमांकाने आहे.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. न्यायालयाच्या दप्तरात या खटल्याचं नाव 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' असं आहे. म्हणजे खटल्यावर नाव हवालदाराचं आहे. पण देशाला पाठ आहे ते त्या मुलीचं नाव. ते वर्तमानपत्रांत आलं, फलकांवर आलं, कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत आजही आहे. आपल्यापैकी बहुतेकींना ते ठाऊक आहे. मी ते इथे घेणार नाही. तिच्या खटल्यामुळे तिच्यानंतरच्या कितीतरी मुलींची नावं झाकली गेली, तिचं मात्र उघडंच राहिलं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना खटल्यात सांगितलं की पीडितेचा मृत्यू झाला असला तरी तिचं नाव वापरता येत नाही, आणि असे एफ.आय.आर. पोलिसांनी सर्वांसाठी खुले ठेवू नयेत. आपल्या मोर्च्यांना आणि पत्रकांनाही हे लागू आहे.

या खटल्यातून आणखी एक शिकण्यासारखं आहे. मुलीचं प्रेम कुणाशी होतं, तिची कौमार्य तपासणी काय सांगते, हे सगळं भर कोर्टात मांडलं गेलं. बाईचं पूर्वायुष्य उकरून काढण्याची मुभा देणारं पुरावा कायद्यातलं कलम २००२ च्या दुरुस्तीने काढलं गेलं. दोन बोटांची तपासणी हा बाईच्या खाजगीपणाचा भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं. १९७२ पासून मोजा, ४१ वर्षं लागली.

शब्दांपासून सुरुवात करू. सरकारी मराठीत याला 'गोपनीयतेचा हक्क' म्हणतात. हा शब्द मला पटत नाही. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात, ती सरकारची गुपितं राखण्याची शपथ असते. बाईला 'गोपनीयता' हवी म्हटलं की लगेच प्रश्न येतो, 'तुला लपवायचंय काय?' म्हणून मी 'खाजगीपण' म्हणते. काय सांगायचं, कुणाला सांगायचं, कधी सांगायचं हे जिचं तिने ठरवायचं, एवढाच त्याचा अर्थ. लपवण्यासारखं काही नसलं तरी हा हक्क असतोच.

इथे चळवळीतल्या जुन्या मैत्रिणी एक शंका काढतात, आणि ती रास्त आहे. 'घरातली खाजगी बाब' या चार भिंतींआड बाईला मारलं गेलं, जाळलं गेलं. ती भिंत पाडायला आपण वीस-पंचवीस वर्षं घालवली. खाजगी तेच राजकीय, असं म्हणालो. आणि आता आपणच खाजगीपण मागायचं? याचं उत्तर असं की ती भिंत कुटुंबाची होती आणि आपण मागतो आहोत तो हक्क व्यक्तीचा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. त्या निकालात स्त्रीवाद्यांच्या या आक्षेपाची दखल आहे : खाजगीपणाच्या नावाखाली घरातली पुरुषसत्ता झाकता येणार नाही. आणि त्याच्याही आधी, १९९० मध्ये, महाराष्ट्राच्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका पोलीस अधिकाऱ्याला सुनावलं होतं की लोक जिला 'बदचलन' म्हणतात तिलाही खाजगीपण असतं, वाटेल त्याने तिच्या घरात शिरावं असं होत नाही. म्हणजे हा हक्क चारित्र्याच्या दाखल्यावर मिळत नाही.

तर मग कायदे मोजायचे कसे? मी कामात तीन प्रश्न वापरते. पहिला, हा कायदा बाईला कुणापासून राखतो? दुसरा, तो कुणाची संमती विचारतो? तिसरा, तो मोडला तर दाद कुठे मागायची आणि ते ठिकाण तिच्या घरापासून किती लांब आहे? बाईचं बोलणं ऐकायला, तिचं पत्र वाचायला, तिचा फोटो पळवायला येणारे तीन वाटांनी येतात. एक सरकारची वाट, एक योजना आणि कंपन्यांची, आणि तिसरी घरातून येणारी. तिन्ही वाटा तपासू.

सरकारची वाट. दुसऱ्याचा फोन ऐकण्याचा अधिकार सरकारला १८८५ च्या तार कायद्याने दिला. इंग्रजांनी केलेला कायदा, आपण तो १३० वर्षांहून जास्त चालवला. १८ डिसेंबर १९९६ ला पी.यू.सी.एल. या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्याला लगाम घातला. आदेश गृहसचिवाने द्यायचा, तो दोन महिन्यांचा, वाढवला तरी सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही, आणि त्यावर आढावा समिती. मग २०२३ चा दूरसंचार कायदा आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे नियम आले. चौकट तीच राहिली. आता माझे प्रश्न लावा. आदेश देणारा सचिव, आढावा घेणारेही सचिवच. न्यायाधीश कुठेच नाही. जिचा फोन ऐकला तिला ते नंतरही कळवायचं बंधन नाही. मग दाद मागणार कोण? मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ रोजी एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे तीन आदेश बेकायदा ठरवले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला लावली. हा निकाल महत्त्वाचा आहे. पण त्याला कळलं ते त्याच्यावर खटला झाला म्हणून. ज्यांच्यावर खटला होत नाही त्यांना कधीच कळत नाही. शिवाय नियमांत दुर्गम भागासाठी वेगळी सवलत आहे : गृहसचिवाची आधी परवानगी घेणं शक्य नसेल तर वरिष्ठ पोलीस अधिकारी आदेश देऊ शकतो, मंजुरी नंतर सात कामकाजाच्या दिवसांत. दुर्गम म्हटलं की एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, धानोरा आलेच.

टपालाचंही तसंच. १९८६ मध्ये लोकांची पत्रं उघडण्याचे मोठे अधिकार सरकारला देणारं विधेयक संसदेने मंजूर केलं होतं. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते तसंच पडून राहिलं. देशभर त्याची चर्चा झाली. २०२३ च्या टपाल कायद्याच्या नवव्या कलमात टपाल अडवण्याचा, उघडण्याचा अधिकार पुन्हा आला. तो जून २०२४ पासून लागू आहे. या वेळी गावात तर सोडाच, आपल्या संघटनांमध्येही त्याची चर्चा झाली नाही.

फोनवर पाळत ठेवणाऱ्या पेगॅसस या इस्रायली सॉफ्टवेअरविषयी तुम्ही ऐकलं असेल. २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने ज्यांना तुमच्या फोनवर हल्ला झाला असं कळवलं, त्यांत नागपूरचे वकील निहालसिंग राठोड आणि शेजारच्या बस्तरमध्ये काम करणाऱ्या बेला भाटिया होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले, पाचांमध्ये घातक सॉफ्टवेअर आढळलं. ते पेगॅससच होतं असं खात्रीने सांगता आलं नाही. सरकारने समितीला सहकार्य केलं नाही, असं न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये नोंदवलं. विचार करा, वकिलाचा फोन उघडा झाला तर त्याच्याकडे आलेल्या सगळ्या बायकांच्या कहाण्या उघड्या झाल्या. कार्यकर्तीच्या फोनचंही तेच.

या भागात फोन आणि संगणक हा पुरावाही होतो. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये प्रा. साईबाबा आणि इतरांना जन्मठेपेसारख्या शिक्षा दिल्या, त्यात जप्त केलेल्या इलेक्ट्रॉनिक साहित्याचा मोठा भाग होता. ५ मार्च २०२४ ला नागपूर खंडपीठाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. जप्तीच सिद्ध झाली नाही, असं म्हटलं. तोवर कितीतरी वर्षं तुरुंगात गेली होती, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये साईबाबा वारले. म्हणून फोन जप्त होताना काय मागायचं ते माहीत असलं पाहिजे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ व्या कलमाप्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण व्हायलाच हवं. जप्तीची यादी करून त्यावर सह्या घ्यायच्या असतात, ती यादी मागा. आणि १७९ वं कलम लक्षात ठेवा : साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचं. वडशाची ती रात्र आठवली की या कलमाचं मोल कळतं.

दुसरी वाट योजना आणि कंपन्यांची. आधार कार्डाची सुरुवात महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी झाली. आज रेशन, बँक, गॅस, बाळंतपणाचं अनुदान, सगळीकडे अंगठा, ओ.टी.पी. आणि फोटो लागतो. पोषण ट्रॅकर अ‍ॅपसाठी अंगणवाडी सेविकांना किती त्रास झाला ते इथे बसलेल्या सेविकांना मी सांगायला नको. २०२१ मध्ये इंग्रजी अ‍ॅप आणि निकामी मोबाइल याला कंटाळून महाराष्ट्रातल्या सेविकांनी मोबाइल सरकारला परत केले होते. २०२५ च्या जुलैपासून घरी नेण्याच्या आहारासाठी गरोदर आणि स्तनदा मातांचा चेहरा जुळवून पाहणंही आलं. चेहरा जुळला तर आहार. तो चेहरा कुठे साठतो, कोण पाहतं, किती वर्षं राहतो, हे आईला कुणी सांगत नाही, आणि सेविकेलाही सांगितलेलं नसतं.

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली, तेव्हा बाईच्या आधारसोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार आणि त्यांच्या फोनवर येणारा ओ.टी.पी. मागितला गेला. ज्या परित्यक्तेने नवऱ्याच्या मारापासून पळून माहेर गाठलं, तिने तो ओ.टी.पी. कुणाला मागायचा? पैसे तिच्या नावाचे, किल्ली नवऱ्याच्या फोनमध्ये. योजना आखणाऱ्याच्या डोळ्यापुढे कुटुंब होतं, बाई नव्हती.

आता या वाटेवर पहारा ठेवायला २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्याची मुख्य कलमं नियमांपासून १८ महिन्यांनी, म्हणजे २०२७ मध्ये, लागू व्हायची आहेत. त्यात चांगलं आहे ते आधी सांगते. कंपनीने माहिती कशासाठी घेते ते स्वच्छ सांगायचं, मराठीतही सांगायचं, आणि दिलेली संमती बाईला परत घेता आली पाहिजे. माहिती फुटली तर तिला कळवायचं. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत.

आता तीन प्रश्न लावा. कुणापासून राखतो? कंपनीपासून राखतो. सरकार मात्र अधिसूचना काढून आपल्या हव्या त्या यंत्रणेला कायद्यातून वगळू शकतं. घरगुती कामासाठी एखाद्याने वापरलेली माहिती तर कायद्याच्या कक्षेतच नाही. संमती कुणाची? अनुदान, सवलत, दाखला यांसाठी सरकारने माहिती वापरली तर बऱ्याच बाबतींत संमतीची गरज नाही. म्हणजे आपल्या भागातल्या बाईची सर्वांत जास्त माहिती ज्या कारणाने गोळा होते, तिथेच तिला कुणी विचारणार नाही. आणि १८ वर्षांखालच्या मुलीची संमती आई-बाप देणार. सतरा वर्षांची मुलगी बालविवाह टाळायला मदत शोधते आहे. बापाच्या संमतीची अट तिचं रक्षण करते की तिला त्याच्याच हाती देते?

आणि दाद? आधी त्या कंपनीकडेच तक्रार करायची, मग केंद्र सरकारने नेमलेल्या मंडळाकडे, तीही ऑनलाइन. दंडाची रक्कम जाते सरकारी तिजोरीत. माहिती तंत्रज्ञान कायद्यात नुकसानभरपाईचं ४३-अ हे कलम होतं, तेही हा कायदा पूर्ण लागू झाल्यावर जाणार. जिचं नुकसान झालं तिच्या हाती काही नाही. उलट तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली तर तक्रारदारालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड. तेंदूपत्त्याच्या हंगामावर वर्ष काढणाऱ्या बाईला दहा हजार म्हणजे काय, हे कायदा करणाऱ्यांना कुणी सांगायला हवं होतं.

या कायद्याचं एक कलम मात्र थांबलं नाही, नियमांसोबत लगेच लागू झालं. ते माहितीच्या अधिकारावर आलेलं. पूर्वी एखादी माहिती व्यक्तिगत असली तरी सार्वजनिक हिताची असेल तर ती द्यावी लागे, तसं त्याच कलमात होतं. आता व्यक्तिगत माहिती म्हटलं की सरळ नकार देता येतो. व्यापक लोकहितासाठी माहिती देण्याची दुसरी तरतूद शिल्लक आहे, पण भांडण वाढलं. घरकुल कुणाला मिळालं, ठेकेदाराला किती बिल दिलं, हे विचारायला गेलात तर तुमच्याच खाजगीपणाचा कायदा तुमच्यापुढे धरतील. हे आपण मान्य करायचं नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, पुढे बांबू स्वतः विकला, हिशेब ग्रामसभेत सर्वांपुढे ठेवला. सत्ता आणि पैसा उघडा हवा, बाईचं आयुष्य तिच्या हाती हवं. या दोन गोष्टींत विरोध नाही.

तिसरी वाट घरातली, आणि आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी या वाटेच्या असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या ५४ टक्के बायकांनी सांगितलं की स्वतः वापरता येईल असा मोबाइल त्यांच्याकडे आहे. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायकांचा फोन नवऱ्याचा, मुलाचा, भावाचा. तिचं बोलणं अंगणात, सगळ्यांच्या कानांवर. फोन असला तरी पासवर्ड नवऱ्याने घातलेला. रिचार्ज करणाऱ्याकडे नंबर गेला की रात्री अनोळखी फोन सुरू. लग्न मोडलं की जुने फोटो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर. आणि बदनामी झाली की जातपंचायत दंड बसवणार तो मुलीच्याच घरावर.

इथे कायदा काय म्हणतो? २०१३ च्या दुरुस्तीने दोन गुन्हे नव्याने आले, ते आता न्याय संहितेत ७७ आणि ७८ क्रमांकांनी आहेत. ७७ : बाईचं खाजगी कृत्य चोरून पाहणं, त्याचा फोटो काढणं किंवा तो पसरवणं. यातलं एक स्पष्टीकरण सगळ्यांनी पाठ करावं. बाईने फोटो काढायला संमती दिली होती, पण पसरवायला दिली नव्हती, तरी पसरवणारा गुन्हेगार. 'तूच तर काढू दिलास' हे ठाण्यात ऐकवलं जातं, त्याला हे उत्तर. ७८ : पाठलाग, आणि त्यातच बाईचं इंटरनेट, ई-मेल, फोनवरचे संदेश यांवर नजर ठेवणं. या कलमात 'कोणताही पुरुष' असं लिहिलं आहे, नवरा वगळलेला नाही. पण 'परिस्थितीनुसार वाजवी' वागणूक गुन्हा नाही, अशी सूटही आहे. बायकोचा फोन तपासणं नवऱ्याला वाजवीच वाटतं, आणि ठाणेदारालाही. दोन्ही गुन्हे पहिल्या खेपेला जामीनपात्र आहेत, हीसुद्धा त्यांची कमजोरी.

आणि १४ जुलै २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघा. भटिंड्याच्या एका नवऱ्याने बायकोचं बोलणं तिच्या नकळत ध्वनिमुद्रित केलं. पंजाब-हरयाणा उच्च न्यायालयाने हा तिच्या खाजगीपणाचा भंग म्हटला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि घटस्फोटाच्या दाव्यात असा पुरावा चालेल असं ठरवलं. या निकालाचे दोन पैलू आहेत. छळाची धमकी रेकॉर्ड करणाऱ्या बाईलाही तो उपयोगी पडेल. पण ज्या घरात फोन पुरुषाच्या हातात आहे, तिथे रेकॉर्ड कोण करणार? कायदा दोघांना सारखं म्हणतो, तेव्हा घरात दोघं सारखे आहेत का हे आपण विचारायचं.

आता तिसरा प्रश्न, अंतराचा. फोटो व्हायरल झाला की ठाण्यात माहिती तंत्रज्ञान कायदा लावतात, ६६-ई वगैरे. त्या कायद्याच्या ७८ व्या कलमाप्रमाणे तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. आपल्याकडे अनेक पोलीस मदत केंद्रांवर उपनिरीक्षक असतो. मग कागद वर जातात, बाईला 'जिल्ह्याला जा' सांगतात. भामरागड किंवा सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास. पर्लकोटेच्या पुराने पावसाळ्यात भामरागडचा रस्ता किती वेळा बंद पडला ते तुम्ही जाणता. नुकसानभरपाई हवी तर निवाडा अधिकारी मुंबईत, राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव. तोवर फोटो चार तालुक्यांत फिरून आलेला असतो.

म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी. तक्रारीत न्याय संहितेची ७७, ७८ ही कलमंही लावा असा आग्रह धरा. त्यांच्या तपासाला निरीक्षकाची अट नाही. हद्दीचं कारण देऊन तक्रार नाकारता येत नाही, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. फोटो वा संदेश पुसण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट, तारीख, पाठवणाऱ्याचा नंबर जपून ठेवा, पण तो पुरावा आपल्या गटांत पुढे पाठवू नका. फोटो काढून टाकायची मागणी थेट त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करता येते, बाईच्या वतीने दुसरं कुणीही करू शकतं; २०२१ च्या नियमांनी त्यासाठी चोवीस तासांची मुदत घातली. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते. आणि नवरा छळतो, फोन हिसकावतो, फोन करून धमकावतो अशी बाई आली तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा विसरू नका. त्यात दंडाधिकारी फोनवरूनही संपर्क करण्याची मनाई करू शकतात.

आपल्या गटांनीही काही नियम करावेत असं मी सुचवते. समुपदेशनाच्या नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक लिहावा, नावांची यादी वेगळी, कुलपात. बचत गटाच्या बैठकीचा फोटो टाकण्याआधी प्रत्येकीला विचारावं, आणि एखादी 'नको' म्हणाली तर कारण विचारू नये. आधारच्या झेरॉक्स गट-अध्यक्षाच्या पिशवीत वर्षानुवर्षं पडून असतात, त्या परत कराव्यात. अहवालात 'अमुक गावातली, अमुक जमातीची, एकोणीस वर्षांची, दोन महिन्यांपूर्वी' असं लिहिलं की नाव न लिहिताही सगळ्या तालुक्याला कळतं. देणगीदारांना आकडे द्या, आयुष्यं नकोत.

सरकारकडे मागायच्या गोष्टी मी पाच मांडते. फोन ऐकण्याच्या आदेशांचा आढावा न्यायाधीशाने घ्यावा आणि मुदत संपल्यावर त्या व्यक्तीला कळवावं. योजनेचा लाभ बाईच्या स्वतःच्या ओळखीवर मिळावा, नवऱ्याच्या ओ.टी.पी.वर नव्हे, आणि चेहरा जुळला नाही म्हणून आहार अडू नये. माहिती संरक्षण मंडळाकडे तक्रार तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत, मराठीत आणि माडिया-गोंडीत तोंडी सांगूनही घेतली जावी. नुकसानभरपाई बाईला मिळावी आणि तक्रारदाराचा दंड रद्द व्हावा. प्रत्येक मदत केंद्रावर सायबर तक्रार घेऊ शकणारी महिला कर्मचारी असावी.

यातल्या कुठल्या मागणीने सुरुवात करायची, ते मी ठरवणार नाही. या तिमाहीत आपापल्या गटात बसून तीन प्रश्न घेऊन बोला : आपल्या गावात बाईचं बोलणं कोण ऐकतं, तिला कुणी विचारतं का, आणि ती तक्रार करायला कुठे जाते. नावं न लिहिता उत्तरं लिहून पाठवा. दोन जिल्ह्यांतल्या गटांची उत्तरं एकत्र आली की निवेदन त्यावरून तयार करू.